पावसाळ्याचा हिशेब मे महिन्यात

आपल्या कॉलेजच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षा संपली की आपण सगळे बॅगा भरून घरी पळतो. मग या लोकांचं काय होतं, असा विचार कधी केलाय? गिऱ्हाईक शून्य, पण जागेचं भाडं चालूच!

पर्यटनाच्या गावात हेच दरवर्षी चार महिने चालतं. मी मालवणची. जवळच तारकर्लीला माझ्या मावशीचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. अशा छोट्या धंद्याने ऑफ-सीझन कसा काढायचा, ते आज आपण गणितानं समजून घेऊया. आकडे मावशीच्या वहीतले नाहीत, समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत.

१) ऑफ-सीझन म्हणजे नक्की काय?

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबईहून येणं सोपं झालं. पण समुद्राला कोण सांगणार? मे संपत आला की सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कूबा आणि बाकीचे वॉटर स्पोर्ट्स बंद. ते ऑगस्ट संपल्यावरच पुन्हा सुरू होतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी, म्हणजे ज्या सुरमईसाठी लोक येतात तीही ताजी मिळत नाही. थोडक्यात, जून ते सप्टेंबर खोल्या जवळजवळ रिकाम्या.

२) खर्च दोन प्रकारचे

पाहुणा आला तरच होणारा खर्च : चादरी धुणं, नाश्ता, पाणी, वीज. एका खोलीला एका रात्रीचे ४०० रुपये धरू.

पाहुणा येवो न येवो, होणारा खर्च : कामाला असलेल्या दोन बायकांचा पगार २०,०००, बँकेचा हप्ता १२,०००, विजेच्या बिलातला स्थिर आकार, फोन, विमा वगैरे ३,००० आणि घरखर्च १५,०००. एकूण महिन्याला ५०,०००. वर्षाचे ६ लाख.

३) आता खरी गंमत

खोलीचं भाडं १,५०० रुपये. त्यातून ४०० गेले, उरले १,१००. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत वीकएंड, दिवाळी, ख्रिसमस आणि मेची सुट्टी मिळून चारही खोल्या १२० दिवस भरल्या असं समजू. म्हणजे ४८० रात्री. ४८० × १,१०० = ५,२८,०००.

आठ महिन्यांचा खर्च ४ लाख. म्हणजे ३१ मे रोजी हातात १,२८,००० शिल्लक दिसतात. माणूस खूश! लगेच नवीन एसी, नाहीतर बाईक. पण पुढच्या चार महिन्यांचे २ लाख अजून जायचेच आहेत. म्हणजे हा नफा नाहीच, उलट ७२,००० ची तूट आहे! आणि ती उघडी कधी पडते? ऑगस्टमध्ये, नेमकी आपल्या कॉलेजची फी भरायच्या वेळी.

मेकॅनिकलच्या मित्रांना हे पटकन कळेल. फोर-स्ट्रोक इंजिनात पॉवर स्ट्रोक एकच, पण शाफ्ट चारही स्ट्रोक फिरत राहतो. कशामुळे? फ्लायव्हीलमुळे. ते पॉवर स्ट्रोकची एनर्जी साठवतं आणि उरलेल्या तिघांना पुरवतं. धंद्याचं फ्लायव्हील म्हणजे वेगळं बँक खातं. मावशी तिच्या मालवणीत एवढंच म्हणते, "सीझनचो पैसो बारा म्हयन्यांचो आसता, आठ म्हयन्यांचो नाय."

४) तूट भरायचे उपाय

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो : जूनमध्ये दोन्ही बायकांना घरी बसवा. चार महिन्यांचे ८०,००० वाचले, तूट संपली. कागदावर गणित सुटलं! पण त्यांचीही चूल पावसात पेटायला हवीच ना? त्या शेजारी गोव्यात काम शोधणार आणि ऑक्टोबरला परत येतीलच असं नाही. पाहुणे ज्या हातच्या आमटीसाठी दुसऱ्यांदा येतात, तो हातच गेला तर?

दुसरा उपाय : सीझनमध्ये भाडं फक्त १५० रुपयांनी वाढवा. ४८० × १५० = ७२,०००. बरोब्बर तेवढेच! म्हणजे एका रात्रीला दीडशे रुपये जास्त की दोन घरांचा पावसाळा, असा हा प्रश्न आहे. अर्थात भाडं वाढवूनही खोल्या भरल्या पाहिजेत, म्हणून सगळा भार यावर टाकू नये.

तिसरा उपाय : पावसात सवलत द्या, पण मर्यादा ओळखून. ९०० रुपयांना खोली दिली तरी ५०० उरतात. ४०० च्या खाली मात्र प्रत्येक पाहुणा तोट्याचा. शिवाय खोल्या बंद ठेवल्या की गाद्यांना बुरशी येते, ते नुकसान वेगळंच.

चौथा उपाय : विकायला वस्तू ठेवा. गणपतीला चाकरमानी गावी येतात. त्यांना खोली नको असते, पण परत जाताना आमसुलं, मालवणी मसाला, फणसपोळी हवी असते. इथे एक मेख आहे. आमसुलं वाळवायला ऊन लागतं, म्हणजे ती एप्रिल-मेमध्ये, ऐन गर्दीतच करावी लागतात. कौलांची शाकारणीसुद्धा मृगाच्या आधीच हवी. पावसाळ्याची तयारी पावसात करता येत नाही!

५) आणि सीझनच बुडाला तर?

२०२० चा एप्रिल-मे लॉकडाऊनमध्ये गेला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. लागोपाठ दोन वर्षं पॉवर स्ट्रोकच चुकला. म्हणून खात्यात फक्त चार महिन्यांचे २ लाख पुरत नाहीत, चांगल्या वर्षी थोडी भर टाकत राहावी लागते. कर्ज घेतानाच बँकेला सीझन समजावून सांगून सीझनला मोठा आणि पावसात लहान हप्ता मागून बघावा. मिळेलच असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दुकान, खानावळ किंवा रिक्षा असेल. सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांबरोबर बसून बारा महिन्यांचा खर्च एका कागदावर मांडा. कॅल्क्युलेटर तर आपल्याकडे आहेच!