दाण्याच्या रश्शांतील थाई शेवया



गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांत भूगोलाच्या तासाला थायलंड देशाचा पाठ चालू होता. भात, साग, रबर, हत्ती इतकें सर्व सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, तेथलीं मुलें शाळेंतून घरीं गेल्यावर खातात काय?" वर्ग हंसला, परंतु मला तो प्रश्न हंसण्यासारखा वाटला नाहीं. पुढील शनिवारीं उत्तर देण्याचें वचन मीं त्यास दिलें, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांत आम्हीं दहा-बारा जणांनीं मिळून तें उत्तर शिजविलें. तोच पाठ येथें लिहून देत आहें.

प्रथम नांवाविषयीं खुलासा केला पाहिजे. १९३९ पर्यंत ज्या देशाला सयाम म्हणत, त्या थायलंडांत तांदळाच्या चपट्या शेवया फार आवडीनें खातात. ही विद्या तेथें चिनी लोकांबरोबर गेली. अशा शेवयांचें 'कुआइतिआव' हें थाई नांवहि मूळचें चिनीच आहे. १९३८ च्या अखेरीस पंतप्रधान झालेले फिबुनसोंगख्राम यांच्या राजवटींत शेवया खाण्यास सरकारनें उत्तेजन दिलें, आणि 'पॅड थाई' नांवाच्या परतलेल्या शेवयांची कीर्ति त्या काळापासून वाढत गेली. परंतु पॅड थाईवर दाण्याचें जाडसर कूट नुसतें भुरभुरवितात. दाण्याचा दाट रस्सा तेथें खातात तो 'सते' या पदार्थाबरोबर, म्हणजे काडीला टोंचून भाजलेल्या मांसाबरोबर. आणि सते हा जावा व मलाया या बाजूनें आलेला आहे. शेवयांवरच तो रस्सा घालण्याची सोपी रीत विशेषतः थायलंडबाहेरील घरांत व उपाहारगृहांत रूढ झाली आहे. म्हणून आपण या पदार्थाला 'थाई धर्तीच्या शेवया' म्हणावें. एखाद्या थाई पाहुण्यापुढें थाळी ठेवून "हाच तुमचा राष्ट्रीय पदार्थ" असें मात्र म्हणूं नये. दुसऱ्याच्या घरचें आपण घेतलें, कीं त्यांतलें त्याचें किती व आपलें किती हें प्रामाणिकपणें सांगावें.

आतां साहित्याकडे वळूं. चार माणसांस पुढील जिन्नस पुरतात. वाटी म्हणजे सुमारें १५० मिलिलिटरची समजावी.

तांदळाच्या चपट्या शेवया २५० ग्रॅम. शेंगदाणे १ वाटी. नारळाचें घट्ट दूध अर्धी वाटी. चिंच लहान लिंबाएवढी. किसलेला गूळ २ मोठे चमचे. सोया सॉस २ मोठे चमचे. लसूण ४ पाकळ्या. आल्याचा लहान तुकडा. सुक्या लाल मिरच्या २. तेल २ चमचे. मोड आलेले मूग १ वाटी. गाजर, काकडी व कांद्याची पात आवडीप्रमाणें. शेवटीं पिळण्यास एक लिंबू.

थायलंडांत खारटपणासाठीं मासळी मिठांत मुरवून काढलेला 'नाम प्ला' नांवाचा रस वापरतात. तो आपल्याकडे सर्वत्र मिळत नाहीं. सोया सॉसनें काम भागतें. तांदळाच्या शेवया न मिळाल्यास गव्हाच्या साध्या नूडल्स घ्याव्या. आपल्या खिरीच्या शेवया मात्र या कामीं उपयोगाच्या नाहींत. त्या फार बारीक असल्यामुळें रश्शांत त्यांचा लगदा होतो.

ही यादी फळ्यावर लिहीत असतां एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ही तर आमच्या आजीची उपवासाची दाण्याची आमटीच झालीं!" तिचें म्हणणें बरेंचसें खरें होतें. दाणे, मिरची, आंबटासाठीं चिंच किंवा आमसूल, आणि गूळ, हेंच आमटीचेंहि साहित्य. याचें कारणहि पाहण्यासारखें आहे. भुईमूग व मिरची हीं दोन्हीं पिकें मूळचीं अमेरिका खंडांतलीं. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचल्यानंतर युरोपियन जहाजांतून तीं आशियांत आलीं. चिंच मूळची आफ्रिकेची. हींच परदेशची पाहुणी मंडळी आपल्याहि घरीं आली व थाई लोकांच्याहि घरीं गेली, आणि दोन्हीं घरीं आंबट, गोड, खारट व तिखट या चार चवींचा मेळ जमून गेला. पॅड थाईंत जे लांब पांढरे मोड घालतात तेहि मुगाचेच असतात. आपण मोड बोटाच्या पेराएवढेहि वाढूं देत नाहीं, इतकाच भेद.

कृति अशी :

१. चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यांत भिजत घालावी व कोळ काढून गाळून घ्यावा.

२. दाणे मंद विस्तवावर सतत हलवीत भाजावे. मोठ्या विस्तवावर साल जळतें आणि गाभा कच्चा राहतो. निवाल्यावर चोळून सालें पाखडून टाकावीं. मूठभर दाणे जाडसर कुटून बाजूस ठेवावे. उरलेले पाट्यावर किंवा मिक्सरमध्यें वाटावे. प्रथम कूट होईल, मग त्याचा गोळा बनेल, आणि धीर न सोडतां वाटीत राहिलांत तर दाण्यांतील तेल सुटून सैल लगदा होईल. दाण्यांत वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असतें. म्हणून वरून तेल घालण्याची गरज नाहीं.

३. भांडेंभर पाणी उकळून खालीं उतरावें व त्यांत शेवया बुडवून झांकून ठेवाव्या. चपट्या शेवयांना बहुधा ८ ते १० मिनिटें लागतात; परंतु घड्याळापेक्षां दातावर भरंवसा ठेवावा. शेवई चावतांना किंचित् विरोध करील तेव्हांच ती निथळावी. त्यांतलें वाटीभर पाणी राखून ठेवून शेवया थंड पाण्यानें धुवाव्या, म्हणजे त्या चिकटत नाहींत. गव्हाच्या नूडल्स मात्र पाण्यांत उकळूनच शिजवाव्या.

४. तेलांत ठेंचलेलें आलें-लसूण व मिरच्यांचे तुकडे मंद आंचेवर परतावे. लसूण तांबूस होण्यापूर्वींच दाण्याचा लगदा, नारळाचें दूध, चिंचेचा कोळ व गूळ घालावा, आणि राखलेलें कढत पाणी चमच्याचमच्यानें मिसळावें. सोया सॉस सर्वांच्या शेवटीं घालावा. आंबट अधिक झालें तर गूळ घालतां येतो, गोड झालें तर लिंबू पिळतां येतें. परंतु पडलेलें मीठ परत काढतां येत नाहीं.

५. मूग वाफवून घ्यावे. भांडें उतरून त्यांत शेवया व मूग घोळावे, आणि वर चिरलेली गाजर-काकडी, कांद्याची पात, राखलेलें जाडसर कूट व लिंबाचा रस घालून लागलींच वाढावें. रस्सा निवतांना दाट होतो. म्हणून उतरतेवेळीं तो पाहिजे त्याहून थोडा पातळच असावा.

चौथ्या पायरीवर आमची गडबड उडाली. पहिले दोन चमचे पाणी पडतांच लगदा सैल होण्याऐवजीं एकदम आवळून आला. "नासलें!" असें म्हणून एक विद्यार्थी भांडें मोरीकडे नेऊं लागला. मीं त्यास थांबविलें. दाण्याचा लगदा म्हणजे तेलांत माखलेले दाण्याचे बारीक कण होत. थोडेंसें पाणी मिळालें कीं ते तें शोषून एकमेकांस चिकटतात. आणखी पाणी मिळालें कीं ते पुन्हां मोकळे होतात, तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यांत विखुरतात, आणि रस्सा दुधासारखा गुळगुळीत होतो. आम्हीं आणखी सहा-सात चमचे पाणी घालून घोटलें, आणि तसेंच झालें. हातचें काम बिघडल्यासारखें दिसलें तर टाकून देण्यापूर्वीं तें कां बिघडलें याचा विचार करावा. कित्येकदां तें अर्ध्यावर आलेलें असतें इतकेंच.

आतां दोन गोष्टी पालकांनीं व मुलांनीं मनावर कोरून ठेवाव्या.

पहिली दाण्यांच्या निवडीची. बुरशी आलेला, काळपट, सुरकुतलेला वा कडवट दाणा निवडून टाकून द्यावा. १९६० सालीं इंग्लंडांत लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी आलेली होती, आणि त्याच तपासांतून 'अफ्लाटॉक्सिन' या विषाचा शोध लागला. भाजल्यानें तें पूर्णपणें नष्ट होत नाहीं. म्हणून कीड-बुरशीचे दाणे "भाजले म्हणजे चालतील" असें कोणीं समजूं नये.

दुसरी गोष्ट सांगतांना मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका सहलींत मीं सर्व मुलांस चिक्की वांटली. एक मुलगा "नको" म्हणाला. तो भिडस्त आहे असें समजून मीं आपल्या रीतीप्रमाणें आग्रह केला. गुरुजींचा शब्द मोडवेना म्हणून त्यानें एक घांस खाल्ला. कांहीं मिनिटांतच त्याचे ओंठ सुजले, अंगावर गांधी उठल्या व त्याला धाप लागली. जवळच दवाखाना होता आणि डॉक्टरांनीं तत्काळ इंजेक्शन दिलें, म्हणून तो वांचला. दुसऱ्या दिवशीं तो मला इतकेंच म्हणाला, "गुरुजी, मी नको म्हणालों होतों." तें वाक्य मी विसरलों नाहीं. कांहीं जणांच्या शरीरास दाण्याचा कणहि सहन होत नाहीं. तो हट्ट नव्हे, नखरा नव्हे; तो जिवाचा प्रश्न असतो. आपल्या घरीं भाजींत, कोशिंबिरींत, खिचडींत सर्वत्र कूट पडत असल्यामुळें ही गोष्ट आपण फार सहज विसरतों. यास्तव वाढण्यापूर्वीं विचारावें. ज्यास दाणे चालत नाहींत त्याचें अन्न दाण्यांना हात लावण्यापूर्वींच निराळ्या भांड्यांत करून झांकून ठेवावें, आणि रश्शाचा डाव त्यांत कधींहि घालूं नये. कोणास त्रास झालाच, तर घरगुती उपाय करीत न बसतां त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

त्या शनिवारीं चूल विझविण्यापूर्वीं प्रश्न विचारणारा विद्यार्थी दोन वेळां वाढून घेऊन म्हणाला, "म्हणजे तेथलीं मुलेंहि आपल्यासारखींच दाणे खातात तर!" भूगोलाच्या पुस्तकांतील एवढा भाग त्याच्या कायमचा लक्षांत राहील असें मला वाटतें.

सुटींत हा पाठ घरीं करून पाहा. कढत पाणी उतरवितांना वडील माणसास जवळ बोलवा. मुलांनीं हें काम बहिणींवर सोडूं नये. भाजणें, वाटणें व घोटणें यांत त्यांचेहि हात लागले पाहिजेत. आणि जेवण आटोपल्यावर आईनें पदर खोंचण्यापूर्वीं भांडीं घांसून पालथीं घाला, म्हणजे पुढच्या वेळीं स्वयंपाकघराचें दार तुम्हांस आनंदानें उघडें मिळेल.