मुलाला रिगवरचा रेडिओ ऑपरेटर व्हायचंय?

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात बॉम्बे हायचं तेलक्षेत्र आहे. तिथले कामगार जुहूहून हेलिकॉप्टरनं जातात. हेलिकॉप्टर जवळ आलं की रिगवरून, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींच्या मंचावरून, वैमानिकाशी बोलतो तो रेडिओ ऑपरेटर. वारा कुठून आणि किती, दृश्यमानता कशी, उतरायचा डेक मोकळा आहे का, तरंगती रिग असेल तर डेक किती हलतोय, परतीला प्रवासी किती नि वजन किती, हे सगळं तो सांगतो. उतरायची परवानगी मात्र तो देत नाही. तो निर्णय वैमानिकाचा. नेमकी माहिती द्यायची आणि तिथंच थांबायचं, ही शिस्त मुलाच्या अंगात मुरेल का, हे आधी पाहा.

विमानांशी बोलण्यासाठी ‘आरटीआर (एरो)’ हे प्रमाणपत्र आहे. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. होतकरू वैमानिकही हीच परीक्षा देतात. पूर्वी ती दूरसंचार विभाग घेत असे. 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमानं हे काम डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) सोपवलं, तेव्हा अर्जाचे नियम जुन्या नोट्समधून घेऊ नका. जहाजांशी बोलायला ‘जीएमडीएसएस’चं (जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणेचं) प्रमाणपत्र वेगळं. हवाई संकटाची वारंवारता 121.5 मेगाहर्ट्झ, सागरी चॅनेल 16 ची 156.8. रिगवर दोन्हीकडे कान लागतो, म्हणून दोन्ही प्रमाणपत्रं असलेली बरी.

मराठी माध्यमातल्या मुलांनी रेडिओवरच्या इंग्रजीला अजिबात भिऊ नये. इथली वाक्यं ठरलेली, मोजकी असतात. नऊला ‘नाइनर’, तीनला ‘ट्री’ म्हणायचं, ऐकलेला संदेश परत म्हणून दाखवायचा. रोज अर्धा तास मोठ्यानं सराव केला, तर जीभ वळते.

अपघाताची पालकांची भीती खरी आहे. 28 जून 2022 ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. त्यातल्या नऊपैकी चौघे गेले. वाचलेल्यांना रिगच्या बचावबोटीनं आणि जवळच्या जहाजानं उचललं. म्हणूनच समुद्रावर जाण्याआधी पाण्यात बुडवलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून सुटायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मुलाला पोहता येत नसेल, तर आजच शिकवायला घ्या.

‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला फी भरू नका. रिगवरच्या बऱ्याच जागा कंत्राटदारांमार्फत भरतात. त्यांच्या अलीकडच्या जाहिराती मिळवा, त्यांत मागितलेली प्रमाणपत्रं लिहून काढा आणि मगच कुठल्या कोर्सला पैसे घालायचे ते ठरवा.