कॉम्प्युटर कुठं बसणार, ते आधी ठरवा

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला की घरात दोन खर्चांची चर्चा एकदमच सुरू होते. एक फी आणि दुसरा कॉम्प्युटर. फीच्या आकड्यात आपल्याला बोलायला जागा नसते, म्हणून सगळी काटकसर कॉम्प्युटरच्या वाट्याला येते. घरात जुना डेस्कटॉप असेल तर प्रश्न हमखास निघतो: यालाच थोडं ठीकठाक करून घ्यावं, की सरळ लॅपटॉप घ्यावा?

आमच्या घरी २०२२ मध्ये हेच झालं. सीईटी ऑगस्टमध्ये, प्रवेशफेऱ्या पार ऑक्टोबरपर्यंत, आणि मला पुण्यात मेकॅनिकल मिळालं. कराडच्या घरी २०१५ साली घेतलेला डेस्कटॉप होता. इंटेलचा चौथ्या पिढीतला आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-थ्री रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. नेहमीच्या दुकानदारांनी बाबांना सांगितलं, “साहेब, मशीन दणकट आहे. रॅम सोळा करू, एसएसडी टाकू, एक ग्राफिक्स कार्ड बसवू. पन्नास हजारांच्या लॅपटॉपला ऐकायचं नाही.” ग्राफिक्सपुरतं ते खरंही होतं. सत्तावीस हजारांत काम झालं. जिथं सुरू व्हायला दोन-दोन मिनिटं लागायची तिथं मशीन चहाचा घोट घेईपर्यंत तयार असायचं. बाबांना मनापासून आनंद झाला होता, आणि मलाही.

मशीन चांगलंच होतं. अडचण सुरू झाली ती ते कराडहून पुण्याला नेल्यावर.

मॉनिटर गोधडीत गुंडाळला, सीपीयू मागच्या सीटवर उशांमध्ये बसवला आणि मामाच्या गाडीतून सगळं होस्टेलवर आणलं. जोडलं, बटण दाबलं, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच. आतून नुसते बीप. मजल्यावरच्या एका सीनियर ताईनं कव्हर उघडलं. ग्राफिक्स कार्ड प्रवासाच्या हादऱ्यांनी खाचेतून एका बाजूनं सुटलं होतं. तिनं ते काढलं, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं हलक्या हातानं घासल्या, फुंकर मारली, आणि प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवली. मशीन सुरू झालं. डेस्कटॉपचा हा मोठा गुण आहे: उघडता येतो, बघता येतो, पाच रुपयांच्या खोडरबरानं दुरुस्त होतो. पण तो एका जागी ठेवून वापरायचा. दर सुट्टीला हलवायची वस्तू नव्हे ती.

होस्टेलचं टेबल जेमतेम मॉनिटर आणि कीबोर्ड मावेल एवढं. ड्रॉइंग शीट पसरायला पलंग उरला. रेक्टर मॅडम म्हणाल्या, “अगं, रूममध्ये हे चालेल, पण लाइटचे वेगळे पैसे पडतील हं.” तेही दिले. वीज जायची तेव्हा छोटा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता साथ द्यायचा.

हे सगळं निभावलं असतं. निभावलं नाही ते कॉलेजचं वेळापत्रक. सकाळी नऊला बाहेर पडलेलं माणूस पाचनंतर खोलीवर येतं. मधे तासाभराच्या फटी असतात, लायब्ररी असते, कँटीनमध्ये बसलेला प्रोजेक्टचा ग्रुप असतो. चौघं बसून आपापल्या लॅपटॉपवर रिपोर्ट जुळवतायत आणि पाचवी फोनवर बघत “मी रात्री करून पाठवते” म्हणतेय, असं दोन वर्षं चाललं. रात्री मी केलेला भाग सकाळी कोणीतरी बदललेला असायचा. दिवाळीत, परीक्षेआधीच्या पीएलमध्ये घरी जायचं तर काम पुण्यातल्या टेबलावर अडकलेलं.

दुसऱ्या वर्षाला सॉलिड मॉडेलिंग अँड ड्राफ्टिंग हा विषय आला, तेव्हा या डेस्कटॉपनं आपली किंमत वसूल केली, हे मोकळ्या मनानं सांगते. मोठ्या पडद्यावर असेंब्ली फिरवायला मजा यायची. पण पेनड्राइव्हवर फाइल घेऊन लॅबमध्ये गेले तर ती उघडेना. माझ्याकडे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, लॅबमध्ये जुनी. कॅडच्या नव्या आवृत्तीतली फाइल जुनीत सहसा उघडत नाही. सर म्हणाले, “मग इथं नव्यानं काढून दाखव.” ज्यांच्याकडे लॅपटॉप होता त्यांनी तो सरांपुढे ठेवला आणि तिथल्या तिथं दुरुस्ती करून सही घेतली.

शेवटी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला लॅपटॉप घ्यावाच लागला. प्लेसमेंटच्या ऑनलाइन परीक्षांना कॅमेरा आणि माइक सुरू ठेवावे लागतात, तो मुद्दा निर्णायक ठरला. म्हणजे घरातून पैसे दोनदा गेले, आणि दुसऱ्यांदा जाताना ते जास्त गेले. माझ्यासारखी मुलं दरवर्षी येतात. त्यांच्या घरचे पैसे दोनदा जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे लिहितेय.

माझं सांगणं एवढंच की आधी कॉम्प्युटरकडे बघू नका, मुलाच्या दिवसाकडे बघा. मूल घरूनच कॉलेजला जाणार असेल, संध्याकाळचे चार तास एका ठरलेल्या टेबलावर बसणार असेल, तर डेस्कटॉपइतकं पैसे वसूल करणारं दुसरं काही नाही. त्याच पैशात जास्त ताकद मिळते, उन्हाळ्यात तो कमी तापतो, एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. पुणे, मुंबई, नागपूर, कुठंही घरी राहून शिकणाऱ्यांनी याचा आवर्जून विचार करावा. पण मूल होस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणार असेल, वर्षा-दोन वर्षांनी खोली बदलणार असेल, तर लॅपटॉपच घ्या. यात मधला मार्ग शोधत बसू नका.

घरून जाणाऱ्यांनीही जुन्या डेस्कटॉपमध्ये पैसे घालण्याआधी त्याची पिढी बघावी. हा मुद्दा दुकानात सहसा कोणी काढत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा, किंवा त्यापुढचा. आमचा आय-फाइव्ह चौथ्या पिढीचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नेमका माझ्या शेवटच्या वर्षात. सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत मिळते, पण तीही घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. म्हणजे २०२२ साली सोळा जीबी रॅम घातलेलं ते मशीन चार वर्षांचा अभ्यासक्रम संपायच्या आतच मागं पडणार, हे तेव्हाच ठरलेलं होतं. प्रोसेसरच्या नावात आय-फाइव्हनंतर येणारा आकडा पिढी सांगतो: ४४६० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. हा आकडा घरीच बघा आणि मग दुकानाची पायरी चढा.

इतक्या जुन्या मशीनला खऱ्या अर्थानं नवं करायचं तर प्रोसेसर बदलावा लागतो. त्याचं सॉकेट वेगळं म्हणून मदरबोर्ड बदलतो. बोर्ड बदलला की डीडीआर-थ्री रॅम चालत नाही म्हणून रॅमही नवी. मग उरतं काय, तर कॅबिनेट आणि मॉनिटर. मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचाही भरवसा धरू नये. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर साडेचारशे वॅट छापलेलं असलं तरी तो तेवढी ताकद देईलच असं नाही. माझं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० होतं, ते ७५ वॅटमध्ये भागवतं म्हणून जुन्या एसएमपीएसवर चाललं. त्यापेक्षा मोठं कार्ड असतं तर हा खर्चही वाढला असता. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांसाठी कंपन्या मेमरी उचलतायत, त्याची झळ आपल्यापर्यंत पोचली आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय किंवा आपल्या गावात काय, दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय रॅम घेऊ नका.

याला एक चांगला अपवाद आहे. घरच्या डेस्कटॉपमध्ये एएमडीचा एएम-फोर सॉकेटचा बोर्ड असेल तर नशीबवान आहात. २०१८ च्या सुमाराच्या बी-४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो. बोर्ड तोच, डीडीआर-फोर रॅम तीच, आणि मशीन पुढची चार वर्षं आरामात काढतं. अशा घराला मी लॅपटॉपचा आग्रह करणार नाही, मूल घरी राहत असेल तर.

आणि मशीन कितीही जुनं असो, हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी टाकणं हा खर्च वाया जात नाही. आमच्या सत्तावीस हजारांतला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा तोच. तो डेस्कटॉप आता पुन्हा कराडच्या घरी आहे, त्यावर आम्ही लिनक्स टाकलंय आणि बारावीतला माझा धाकटा भाऊ पायथन शिकतोय.

आता लॅपटॉपकडे. इथली मोठी फसगत ‘गेमिंग लॅपटॉप घेतला की दोन्ही कामं होतात’ या समजुतीत आहे. माझी रूममेट आर्किटेक्चरला. तिला रेव्हिट आणि रेंडरिंग करायचं असतं, रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, तेव्हा ग्राफिक्सवाला लॅपटॉप तिला लागतोच. पण तो अडीच किलोच्या घरात, चार्जरची वीट वेगळी, आणि चार्जर काढला की दीड तासात बॅटरी संपते. चार्जरशिवाय ग्राफिक्सही मंदावतं. तिचा लॅपटॉप बहुतेक टेबलावरच असतो, ज्युरीच्या दिवशी तेवढा रिक्षातून जातो. आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, मोठं सिम्युलेशन, यांना हे ओझं वाहण्याला कारण आहे. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही ब्रँचच्या मुलाला नाही. आमच्या विद्यापीठात पहिल्या वर्षी पायथन, ग्राफिक्सची शीटं आणि रिपोर्ट एवढंच होतं. कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांना पुढं मशीन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्ड लागतं म्हणतात. शिकण्यापुरतं काम गुगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच होतं.

ग्राफिक्स कार्डाच्या नावावरही जाऊ नका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ३०५० हे ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कितीही ताकदीचं असू शकतं. नाव एक, वेग वेगळा. बॉक्सवर नसेल तर कंपनीच्या साइटवर वॅट शोधा. प्रोसेसरच्या नावातही असाच घोळ. रायझन ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू ही नावं भावंडांसारखी दिसतात, पण तिसरा आकडा आतली रचना सांगतो: २ म्हणजे झेन-टू, ३ म्हणजे झेन-थ्री, ४ म्हणजे झेन-फोर. पहिल्या आकड्यावरून नवं समजून घेतलेला ७५२०यू आतून कितीतरी जुना असतो.

रॅम १६ जीबी हवीच. आठचा घेऊन ‘नंतर वाढवू’ म्हणणार असाल तर मोकळा स्लॉट आहे का ते लेखी विचारा. पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती जन्मभर तेवढीच राहते. मॅकबुक उत्तम यंत्र आहे, पण मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलानं ते घेऊ नये, सॉलिडवर्क्स त्यावर थेट चालत नाही. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला फार चांगले, पण कॅडसाठी आणि लॅबच्या उपकरणांच्या ड्रायव्हरसाठी अजून त्यांच्यावर विसंबू नये.

खरेदी कधी करायची, हेही महत्त्वाचं. कॅपच्या पहिल्या फेरीत मेकॅनिकल मिळालेलं मूल तिसऱ्या फेरीत आयटीला गेलेलं असतं. ब्रँच पक्की होईपर्यंत पैसे बँकेत राहू द्या. कॉलेज सुरू झाल्यावर पंधरा दिवस तसेच जाऊ द्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की लॅबमध्ये कोणतं सॉफ्टवेअर आहे, त्याची कोणती आवृत्ती आहे. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, अ‍ॅन्सिसचीही विद्यार्थी आवृत्ती मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

घेताना जीएसटीचं बिल मुलाच्या किंवा पालकांच्या नावावर घ्या आणि बिलावरचा सीरियल नंबर लॅपटॉपच्या पाठीवरच्या नंबराशी तिथंच जुळवा. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर मूल शिकणार त्या शहरात आहे का, तेही बघा. गावातल्या ओळखीच्या दुकानातून घ्यायला हरकत नाही, पण स्क्रीन गेली की सबमिशनच्या आठवड्यात धावपळ करायची वेळ पुण्यातल्या मुलावर येते, गावातल्या दुकानावर नाही. भावाच्या वेळी मी बाबांना पहिला प्रश्न हाच विचारायला सांगितलाय.