कंडरेची जखम आणि मध्यम मार्गाचे गणित

सचिन तेंडुलकर यांच्यावर २००५ साली ‘टेनिस एल्बो’ची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कंडरेचे दुखणे घराघरांत ठाऊक झाले. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. तो तुटल्यास आधी दाह होतो, मग काही आठवडे कच्चे तंतू विणले जातात आणि पुढे अनेक महिने त्यांची पक्की बांधणी चालते. गणितज्ञ हे समीकरणात मांडतात : तंतूंच्या वाढीचा वेग म्हणजे निर्मिती वजा झीज, आणि दोन्ही भारावर अवलंबून. भार मुळीच नसेल तर तंतू विस्कळीत राहतात; अति झाला तर झीज वरचढ ठरते. तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारेच्या दाखल्याने असाच समतोल शिकवला होता. म्हणून कबड्डीपटू विद्यार्थ्याने वा शेतात राबणाऱ्या पालकाने वेदना थांबताच पूर्ण भार घेऊ नये. वैद्यकीय सल्ल्याने तो क्रमाक्रमाने वाढवावा.