कुत्र्याने काय चघळावे?

कुत्र्याचे पिल्लू घरात आले की थोड्याच दिवसांत चपलांचे पट्टे, खुर्चीचे पाय, पलंगाच्या कडा आणि मुलांची दप्तरे यांवर त्याच्या दातांच्या खुणा उमटू लागतात. घरातील माणसे या प्रकाराला खोडी समजतात आणि पिल्लाला रागे भरतात. वस्तुतः ती खोडी नव्हे. चावणे आणि चघळणे ही कुत्र्याच्या जातीची गरज आहे. त्यामुळे दात येताना होणारा हिरड्यांचा ठणका कमी होतो, जबड्याच्या स्नायूंना काम मिळते, आणि दिवसभर बंद घरात एकट्याने राहणाऱ्या प्राण्याचा वेळही जातो. तेव्हा कुत्र्याला चावू द्यावे की देऊ नये, असा हा प्रश्नच नाही. त्याला काय चावू द्यावे, एवढाच तो आहे.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर मांसाहारी घरांतून एकच असे: जेवणात उरलेले हाड. आज शहरांतील दुकानांत म्हशीच्या चामड्याच्या गाठी, शिंगे, खूर, वाळवलेल्या स्नायूंच्या काड्या आणि हिमालयातील कडक छुर्पीचे तुकडे मांडून ठेवलेले असतात. वेष्टनावर बहुधा दोन विशेषणे ठळकपणे छापलेली असतात. एक ‘नैसर्गिक’ आणि दुसरे ‘दीर्घकाळ टिकणारे’. पहिल्या विशेषणाने ग्राहकाची भीती जाते, दुसऱ्याने किंमत वसूल झाल्यासारखी वाटते. परंतु आंब्याची कोय नैसर्गिकच असते आणि नदीतला गोटाही पुष्कळ टिकतो. म्हणून ही विशेषणे बाजूला ठेवून प्रथम कुत्र्याच्या दातांकडे पाहणे इष्ट होय.

कुत्र्याला दुधाचे 28 दात असतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते दिसू लागतात, साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडू लागतात, आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी 42 कायमचे दात येतात. पुढचे पटाशीचे दात कुरतडण्यासाठी, सुळे धरून ठेवण्यासाठी आणि बाजूच्या दाढा कापण्यासाठी असतात. वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातील पहिली दाढ ही जोडी कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकमेकींवरून सरकते. कुत्रा एखादी चिवट वस्तू मान तिरकी करून तोंडाच्या कडेने चावतो, तो याच दाढांनी. गाय रवंथ करताना जबडा आडवा फिरवते, तसा कुत्र्याला तो फिरविता येत नाही; त्याचा जबडा केवळ वर-खाली होतो. म्हणजेच कुत्रा दळत नाही, कापतो. कापून झालेला तुकडा तो फारसा न चावता गिळून टाकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. माणसाच्या दाढेवरील दंतवल्काचे कवच सुमारे 2 मिलिमीटर जाड असते, तर कुत्र्याच्या दातावर ते बहुधा 1 मिलिमीटरही नसते. जबडा बळकट आणि कवच पातळ, अशी ही विषम जोडी आहे. अतिशय कठीण वस्तूवर पूर्ण जोर पडला म्हणजे वरच्या कापणाऱ्या दाढेचा बाहेरच्या बाजूचा एक पापुद्राच निखळतो. पशुवैद्यांना ही दुखापत चांगली परिचित आहे. आतला संवेदनशील मगज उघडा पडतो, तेथून जंतू शिरतात, आणि काही महिन्यांनी डोळ्याखाली सूज येते. कुत्रा मात्र या काळात जेवत राहतो, शेपटीही हलवतो. वेदना लपविण्याची या प्राण्याची सवय मोठी आहे, आणि म्हणूनच मालकाच्या हे लवकर लक्षात येत नाही.

यावरून निवडीतील खरी अडचण स्पष्ट होईल. जी वस्तू फार कठीण ती दात मोडते. जी मऊ ती मोठ्या तुकड्यांनी पोटात जाते आणि घशात किंवा आतड्यात अडकते. दीर्घकाळ टिकणे हा गुण आपण सहसा कठीणपणाशी जोडतो. ही समजूत चुकीची आहे. दाताखाली किंचित दबणारी, चिवट, थराथराने झिजणारी आणि कुत्र्याच्या तोंडाच्या मानाने मोठी अशी वस्तूही तासभर पुरते. परीक्षेची रीत साधी आहे. अंगठ्याचे नख वस्तूवर जोराने दाबावे; थोडी तरी खूण उमटली पाहिजे. ती वस्तू आपल्याच गुडघ्यावर आपटून घेण्याची कल्पना नकोशी वाटत असेल, तर ती कुत्र्याच्या दातांनाही नकोशी आहे असे समजावे. या कसोटीला म्हशीचे शिंग आणि खूर उतरत नाहीत. खुराचे शिवाय धारदार कपचे निघतात.

आता हाडांविषयी. शिजवलेले हाड कुत्र्याला देऊ नये, याबाबत दुमत नाही. उष्णतेने हाडाचा चिवटपणा जातो, ते ठिसूळ होते आणि त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या उडतात. कोंबडीच्या हाडांचा धोका लोकांना ठाऊक असतो, पण मटणाच्या नळीला ते निरुपद्रवी मानतात. नळीचा आडवा कापलेला गोल तुकडा खालच्या सुळ्यांमागे कड्यासारखा अडकून बसल्याची उदाहरणे पशुवैद्यांकडे नेहमी येतात. मग कुत्र्याला गुंगी देऊन ते कडे कापून काढावे लागते. त्यातून आपल्याकडचे उरलेले हाड म्हणजे रश्श्यातले हाड. त्याला लागलेला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात, ही गोष्ट स्वयंपाकघरात अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही.

कच्च्या हाडाचे समर्थक म्हणतात, की रानातला कुत्रा हाडेच चघळतो आणि त्याचे दात स्वच्छ राहतात. यात तथ्य आहे, परंतु अर्धेच. आफ्रिकेतील रानकुत्र्यांच्या 29 कवट्यांचा एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. दातांवरील किटण त्यांत जवळजवळ आढळले नाही. तथापि हिरड्यांच्या रोगाच्या खुणा 41 टक्के कवट्यांत होत्या, आणि मोडलेले दात 48 टक्क्यांत. पांढरा दात आणि निरोगी दात या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा याचा अर्थ. शिवाय कच्च्या हाडाबरोबर जंतूही घरात येतात.

चामड्याची गाठ ही बाजारातील सर्वांत जुनी आणि स्वस्त वस्तू. भारतात म्हशींची संख्या 2019 च्या पशुगणनेनुसार सुमारे 10 कोटी 98 लाख इतकी होती, आणि कानपूर-उन्नावसारख्या चर्मोद्योगाच्या केंद्रांतून अशा गाठी परदेशीही जातात. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात, मग ते जाडीतून चिरतात. वरचा थर कमावण्यासाठी जातो आणि आतल्या थराला धुऊन, बहुधा रसायनाने पांढरा करून, पिळे व गाठी देऊन वाळवितात. हे कच्चे चामडे होय. चपलेचे चामडे बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते, म्हणून जुनी चप्पल हे त्याचे पर्यायी रूप नव्हे. जुनी चप्पल चालते आणि नवी चालत नाही हा भेद पिल्लाला कळतही नाही. कच्च्या चामड्याचा दोष असा, की ओले झाल्यावर ते बुळबुळीत होऊन फुगते आणि त्याचा मोठा तुकडा पचण्यापूर्वीच आतड्यात अडकू शकतो. गाठ सुटली की उरलेले काढून घ्यावे. हावरट कुत्र्याला ते न दिलेलेच बरे.

बैलाच्या किंवा रेड्याच्या जननेंद्रियाचा स्नायू वाळवून केलेल्या काड्या ‘बुली स्टिक’ या नावाने विकल्या जातात. हे नाव अर्थ झाकण्यासाठीच योजले असावे. 2013 साली अमेरिका व कॅनडा येथील संशोधकांनी केलेल्या पाहणीत पुष्कळ मालकांना ती वस्तू काय आहे हे माहीत नव्हते. दातांच्या दृष्टीने मात्र ती चांगली आहे. ती दबते, तंतूतंतूंनी सुटते आणि पचते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्याच पाहणीत एका इंचामागे 9 ते 22 कॅलरी आढळल्या. सहा इंचांची काडी लहान कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्साही भरून काढू शकते, तेव्हा तेवढे अन्न कमी करावयास हवे. दुसरे म्हणजे, तपासलेल्या 26 काड्यांपैकी काहींवर रोगकारक जंतू सापडले.

शाकाहारी घरांना या सर्व वस्तूंची शिसारी येणे स्वाभाविक आहे. त्यांच्यासाठी, आणि इतरांसाठीही, हिमालयातील छुर्पीचा विचार अधिक तपशिलाने करण्याजोगा आहे. पूर्व नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागांत याक किंवा याक आणि गाय यांच्या संकरातून झालेली चौरी यांच्या दुधातून लोणी काढून घेतात. उरलेले ताक तापवून साकळवितात, ते कापडात बांधून दगडाखाली दाबतात, त्याच्या वड्या पाडतात आणि दोऱ्यात ओवून धुरावर वा वाऱ्यावर वाळवितात. पाणी जवळजवळ नाहीसे झालेला हा तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. गुराखी तो गालात धरून तासन् तास चघळतात. अरुणाचल प्रदेशातील याकच्या छुर्पीला 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. माणसाचा हा खाऊ चालू शतकात कुत्र्यांसाठी परदेशी जाऊ लागला आणि नेपाळच्या निर्यातीत त्याला मानाचे स्थान मिळाले; त्यानंतर तो आपल्या शहरांतही कुत्र्यांचा खाऊ म्हणून परत आला, हा व्यापाराचा एक गमतीदार वळसा होय.

छुर्पीत प्रथिने भरपूर, दुधातील साखर फार थोडी आणि वास सौम्य असतो. लाळेने ती वरून हळूहळू मऊ होते आणि कुत्रा ती खरवडून खातो. हेच ते थराथराने झिजणे. परंतु सर्वच तुकडे सारखे नसतात. काही दगडासारखे असतात आणि नखाच्या परीक्षेत नापास होतात. असा तुकडा काही वेळ पाण्यात भिजवून मग द्यावा. दुधाची प्रथिने ज्या कुत्र्याला सोसत नाहीत, त्याला ती देऊ नये. शेवटचा बोटभर तुकडा कुत्रा गिळून टाकण्याचा धोका असतो. तो काढून पाण्यात भिजवावा आणि मायक्रोवेव्ह शेगडीत थोडा वेळ तापवावा. तो लाहीसारखा फुलतो, आणि गार झाल्यावर निर्धोकपणे देता येतो. पैसाही वाया जात नाही. ‘याक’ एवढे नाव वाचून भुलू नये. पुष्कळदा त्यात गाईचे दूध मिसळलेले असते. कुत्र्याला त्याने काही अपाय होत नाही, परंतु किंमत देताना हे ठाऊक असावे.

हरणाची शिंगे परदेशांत चघळण्यासाठी सर्रास विकली जातात. आपल्याकडे त्यांचा विचारच नको. चितळ आणि सांबर यांची शिंगे दर वर्षी गळतात हे खरे, तथापि 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे ती गोळा करता येत नाहीत वा विकता येत नाहीत. शिवाय दाढ मोडणाऱ्या वस्तूंत त्यांचा क्रम वरचा आहे.

भाज्यांपैकी अखंड गार केलेले गाजर आणि जाड काप करून वाळवलेले रताळे या चांगल्या वस्तू आहेत, विशेषतः दात येणाऱ्या पिल्लासाठी. त्या फार वेळ पुरत नाहीत. पिल्लाला त्याची तक्रार नसते. पाण्यात भिजवून पिळलेले आणि बर्फाच्या कप्प्यात गोठवलेले जाड सुती फडके हिरड्यांना तितकाच आराम देते, मात्र त्याचे धागे सुटू लागताच ते काढून घ्यावे. याउलट मक्याचे कणीस आणि आंब्याची कोय या दोन वस्तूंपासून कुत्र्याला कटाक्षाने दूर ठेवावे. दोन्हींना गोड चव असते, दोन्ही गिळण्याजोग्या आकाराच्या असतात आणि दोन्ही पचत नाहीत. उन्हाळ्यात कचऱ्याची बादली उघडी राहिली, तर कोय आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी येते.

कोणती वस्तू योग्य, हे अखेर कुत्र्यावर अवलंबून आहे. मुधोळ किंवा कारवान जातीचा लांब, निमुळत्या तोंडाचा कुत्रा आणि लॅब्रडोर यांची चावण्याची तऱ्हा एक नसते. लॅब्रडोरच्या हावरेपणाला काही अंशी आनुवंशिक कारण आहे, असे 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखविले. त्याला देताना तुकडा मोठाच असावा. वस्तू कुत्र्याच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा लांब असावी. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि तेवढा वेळ कोणीतरी जवळ असावे. काढून घेताना ओढाताण करू नये. बदल्यात आवडीचा घास द्यावा, म्हणजे गुरगुरण्याची सवय लागत नाही. वृद्ध कुत्र्याचे दात झिजलेले असतात, त्याला पिल्लाचीच वस्तू द्यावी.

प्राणिज वस्तू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि लहान मुले रांगतात त्या सतरंजीवर ती चघळू देऊ नये. अमेरिकेत 2019 साली कुत्र्यांसाठी वाळवलेल्या डुकराच्या कानांमुळे साल्मोनेला जंतूंची साथ पसरली आणि 34 राज्यांतील 154 माणसे आजारी पडली. आजारी पडली ती माणसे, कुत्रे नव्हेत.

चघळल्यानंतर कुत्रा तोंडावर पंजे मारू लागला, लाळ गाळू लागला, एकाच बाजूने खाऊ लागला, किंवा वारंवार ओकू लागला आणि अन्नाला शिवेना, तर वाट पाहू नये. पशुवैद्याकडे जाताना त्या वस्तूचा उरलेला तुकडा बरोबर न्यावा. क्ष-किरणांच्या चित्रात हाड दिसते. चामडे आणि मक्याचे कणीस बहुधा स्पष्ट दिसत नाहीत, आणि काय शोधावयाचे हे वैद्याला त्या तुकड्यावरूनच कळते.