निविदा-सूचना वाचताना

जमीन महसुलाच्या थकबाकीसाठी स्थावर मिळकतीचा लिलाव व्हावयाचा असल्यास त्याची नोटीस चावडीवर लागते व पुढे निदान ३० दिवस लिलाव होत नाही, हा महसूल संहितेचा नियम आपणांस ठाऊक आहे. परंतु कालवादुरुस्तीचे काम कोणत्या शर्तींवर द्यावयाचे, याची जाहिरात आपण क्वचितच वाचतो. टेंभू, ताकारी व म्हैसाळ योजनांच्या पाण्यावर ज्यांची पिके उभी आहेत, त्यांस हे दुर्लक्ष परवडणारे नाही.

ह्या योजना कृष्णा खोरे विकास महामंडळाकडे असून राज्य खात्यांच्या निविदा 'महाटेंडर्स' ह्या शासकीय संकेतस्थळावर येतात. अंदाजित रक्कम व बयाणा सारेच पाहतात. तारखा मात्र कोणी ताडून पाहत नाही, आणि खरी मेख तेथेच असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत मालखरेदीच्या जाहीर निविदेस साधारणतः किमान ३ आठवडे सांगितले आहेत, आणि सूचना प्रसिद्ध होणे व निविदापत्रके मिळू लागणे यांपैकी जी तारीख नंतरची, तेथून ते मोजावयाचे. राज्याच्या कामास राज्याचे नियम लागतात. तथापि मोजण्याची ही रीत ध्यानी ठेवावी. मागाहून निघणारे शुद्धिपत्रकही पाहावे, कारण कित्येकदा मुदत त्यातच बदललेली असते.

वरिष्ठांची मंजुरी चुकविण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडू नयेत, असेही ते केंद्रीय नियम बजावतात. आपल्या कालव्याचे एकच काम लहान लहान रकमांत वाटलेले दिसल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरास ३० दिवसांची मर्यादा आहे. अर्ज मोघम नसावा. सूचनेचा क्रमांक देऊन अंदाजपत्रकाची नक्कल मागावी. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो.