*कुत्र्याची शेपटी अचानक लुळी पडली तर?*



सध्या गहू-हरभऱ्याला रात्रीचं पाणी चालू आहे. आपल्यामागे वस्तीवरचा कुत्राही पाटात, शेततळ्यात उतरतो आणि थंडीत भिजतो. सकाळी बघावं तर त्याची शेपटी लुळी पडलेली! कुणी म्हणतं साप चावला, कुणी म्हणतं कुणीतरी मारलं. घाबरण्याआधी नीट तपासा.

*नेमकं काय होतं?*
शेपटी हलवणारे स्नायू तिच्या मुळाशी असतात. पोहताना तोल सांभाळायला कुत्रा शेपटी सतत वापरतो. थंड पाण्यात जास्त पोहणं, सवय नसताना दिवसभर पळणं किंवा पिकअपमध्ये तासन् तास अंग आखडून बसणं, यामुळे हे स्नायू दुखावतात. बऱ्याच दिवसांनी खुरपायला बसलं की दुसऱ्या दिवशी आपली कंबर धरते, तसंच हे. यात हाड मोडलेलं नसतं. लॅब्राडोर, पॉइंटर अशा कामाच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं, पण गावठी कुत्र्यालाही होऊ शकतं.

*कसं ओळखायचं?*
✅ त्रास अचानक, बहुधा एका दिवसात सुरू होतो.
✅ शेपटी मुळापासून लोंबते, किंवा थोडी सरळ राहून पुढे खाली पडते.
✅ मुळाशी हात लागला की कुत्रा कळवळतो. बसायला त्रास होतो.
✅ पण चालतो, खातो, हाक मारली की येतो.

भ्यायलेला कुत्रा शेपटी पायात दाबून धरतो, भीती गेली की वर करतो. इथे त्याला शेपटी उचलताच येत नाही.

*काय करायचं?*
👉 अंग कोरडं करा. कोरड्या, उबदार जागी गोणपाटावर झोपू द्या.
👉 आठवडाभर पोहणं, पळवणं बंद. बहुतेक कुत्री काही दिवसांत ते दोन आठवड्यांत बरी होतात.
👉 शेपटी ओढू नका, जोरात चोळू नका. दुखत असलं की घरचा कुत्राही चावतो.

❌ *आपल्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका.* आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, किडनी निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही स्वतःच्या अंदाजाने नको. डोस पशुवैद्यकच ठरवतील.

*डॉक्टरांना लगेच कधी दाखवायचं?*
• मागचे पाय लटपटतात किंवा ओढत चालतो
• लघवी तुंबली आहे किंवा आपोआप गळते
• गाडीची धडक बसली, कुणी शेपटी ओढली, जखम किंवा सूज आहे
• दोन-तीन दिवसांत काहीच फरक नाही

शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर *१९६२* आहे.

⚠️ *रेबीजचं भान ठेवा*
नुसती शेपटी पडली म्हणजे रेबीज नव्हे. पण त्यासोबत स्वभाव बदलला, लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, चाल अडखळते असं दिसलं तर लांब राहा, लेकरांना लांब ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा. घशात हाड अडकलं असेल समजून तोंडात हात घालू नका. कुत्रा चावला किंवा जखमेला लाळ लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची लावू नका.

वस्तीवरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. हा मेसेज आपल्या गटातल्या सगळ्यांना पाठवा.

आपला,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी